हुरडा : एका शब्दाची तीन रूपे

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण दक्षिण भागात, विशेषतः कर्जत, जामखेड, श्रीगोंदे व पाथर्डी या तालुक्यांत, रब्बी ज्वारी हे थंडीचे मुख्य पीक होय. मार्गशीर्ष-पौषात या पिकाची कोवळी कणसे शेतातच विस्तवावर भाजून सहकुटुंब खाण्याची रीत सर्वपरिचित आहे. हुरडा या शब्दाचे सामान्यतः ‘भाजलेली कोवळी ज्वारी’ एवढेच स्पष्टीकरण दिले जाते. बोलीतील प्रयोग पाहिले असता ते अपुरे ठरते.

पहिला प्रयोग सप्तमीचा. ‘ज्वारी हुरड्यात आली’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा काहीही भाजलेले नसते. येथे शब्द पिकाची अवस्था दर्शवितो. पोटऱ्यात येणे, फुलोऱ्यात येणे, चिकात येणे या क्रमातील ही पुढची पायरी. चिकात असलेला दाणा दाबला असता पांढरा द्रव निघतो. हुरड्यातील दाणा मऊ, भरलेला व गोड असतो. त्यानंतर साखरेचे पिठुळ द्रव्यात रूपांतर होत जाते, ओलावा घटतो आणि दाणा टणक बनतो. ही मधली अवस्था थोडेच दिवस टिकते. पाखरांचा उपद्रवही याच सुमारास वाढतो. म्हणून माळ्यावरची राखण व गोफण यांचा संबंध हुरड्याशी जोडलेला आहे.

दुसरा प्रयोग प्रथमेचा : ‘हुरडा गरम आहे.’ येथे शब्दाने पदार्थाचा बोध होतो. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवितात, तीच आगटी. ज्वाळा ओसरल्यावर निखारे व तप्त राख यांत कणसे खुपसतात. ज्वाळेवर धरलेले कणीस वरून करपते व आत कच्चे राहते. राखेत मात्र दाणा स्वतःच्याच ओलाव्याने वाफवून निघतो. भाजलेले कणीस हातावर किंवा गोणपाटावर चोळतात, कोंडा फुंकून टाकतात आणि दाणे लसणाची वा तिळाची चटणी, गूळ, दही यांसह खातात. सर्व वाणांचे दाणे सारख्याच सहजतेने सुटत नाहीत. मालदांडी ३५-१ हा मुख्यतः भाकरीचा वाण. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती असे स्थानिक वाण बांधाकडेला थोडे लावण्याची रीत आहे. याच जिल्ह्यातील राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ हे वाण खास हुरड्यासाठी दिले आहेत.

भाजलेल्या कोवळ्या हरभऱ्याला मराठीत हुळा म्हणतात. अर्धपक्व भाजलेल्या शेंगधान्यासाठी संस्कृतात होलक हा शब्द आहे, आणि स्वरमध्यस्थ ‘ल’चा ‘ळ’ होणे मराठीत नियमित असल्याने या दोहोंचा मेळ बसतो. धान्याच्या अवस्थेला स्वतंत्र नाव देण्याची ही प्रवृत्ती जुनी आहे.

तिसरा प्रयोग चतुर्थीचा : ‘उद्या हुरड्याला या.’ ‘लग्नाला या’, ‘बारशाला या’ यांच्या जातीचे हे वाक्य आहे. ‘ज्वारीला या’ असे कोणी म्हणत नाही. पदार्थाचे नाव येथे प्रसंगाचे नाव बनले आहे. कारणही स्पष्ट आहे : कणसे घरच्या शेतातील, गोवऱ्या घरच्या गोठ्यातील, खर्च असा नाहीच. लागतो तो एकत्र बसण्याचा वेळ, कारण हुरडा हातोहात भाजून गरम असतानाच खावा लागतो. एक जण आगटीपाशी बसतो, दुसरा कणसे चोळतो, मुले भोवती वाट पाहतात. सामान्य कुटुंबालाही पाहुण्यांचा सत्कार परवडावा असा हा बेत होय.

अलीकडे रूढ झालेला ‘हुरडा पार्टी’ हा समास या दृष्टीने विचारार्ह आहे. पूर्वी ‘हुरड्याला’ एवढ्या विभक्तिरूपात जो प्रसंग सामावत असे, त्यासाठी आता बाहेरचे नाम जोडावे लागते. कृषिपर्यटन केंद्रात दर आकारून हुरडा दिला जातो, शहरात दाणे वजनावर मिळतात. त्यातून शेतकऱ्याला कडब्या-धान्यापलीकडे काही उत्पन्न मिळते, हे स्वागतार्हच आहे. परंतु विकत घेतलेल्या दाण्यांच्या संदर्भात ‘हुरडा घेतला’ एवढेच म्हणता येते. शब्द पुन्हा पदार्थापुरता उरतो. ‘हुरड्यात’ हे रूप पीक उभे असेतो राहील. ‘हुरड्याला’ हे रूप मात्र बोलावणारे आहेत तोवरच टिकणारे आहे. बोलींचा अभ्यास करणाऱ्याने कोशात अर्थ नोंदविताना शब्दासमवेत त्याची विभक्तिरूपेही नोंदवावीत, ती याचसाठी.