मॅनिप्युलेट
इंग्रजी भाषेतील एक सकर्मक क्रियापद. ‘कौशल्याने हाताळणे’ हा त्याचा जुना अर्थ असून ‘आडमार्गाने प्रभाव पाडून हवे ते घडवून आणणे’ हा अर्थ मागाहून रूढ झाला. लॅटिन भाषेत ‘मानुस’ म्हणजे हात व ‘मानिपुलुस’ म्हणजे मूठभर वस्तू (रोमन सैन्यातील एका तुकडीसही हेच नाव होते). इंग्रजीत फ्रेंचमधून प्रथम ‘मॅनिप्युलेशन’ हे नाम आले व त्यावरून क्रियापद साधले गेले. मायकेल फॅराडे याच्या केमिकल मॅनिप्युलेशन (१८२७) या ग्रंथनामात केवळ प्रयोगशाळेतील हस्तकौशल्य अभिप्रेत आहे. वैद्यकात आखडलेला सांधा हाताने हलवून मोकळा करणे, बीजगणितात राशींची फेरमांडणी करणे, हे अर्थही निर्दोषच होत.

माणूस, लोकमत वा बाजारभाव हे कर्म असल्यास मात्र कौशल्यात कपट मिसळते. अमेरिकेच्या १९३४ च्या रोखे विनिमय अधिनियमात या क्रियापदापासून बनलेले विशेषण ‘फसवे’ या अर्थाच्या शब्दाशेजारीच योजिले आहे. खरी अडचण ‘आकडे’ हे कर्म असताना येते. तेच वाक्य संख्याशास्त्रज्ञाच्या लेखात माहितीवरील संस्कार सुचविते, तर लेखापरीक्षकाच्या अहवालात तो गंभीर आरोप ठरतो. तेथे भाषांतरकाराने सरसकट ‘फेरफार’ लिहिल्यास निरपराध व्यक्तीवर ठपका येतो. ‘हाताळणी’ लिहिल्यास अपराध झाकला जातो. मराठीतील ‘हाताळणे’ हेही हातावरूनच आले. पण ‘परिस्थिती हाताळली’ यात बहुधा प्रशंसाच असते. कपटाची छटा ‘हातचलाखी’कडे गेली.