नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सायबर सुरक्षा

सायबर सुरक्षा म्हणजे संगणक, भ्रमणध्वनी, त्यांना जोडणारे जाळे आणि त्यांत साठवलेली माहिती व पैसा यांचे चोरी, नासधूस आणि गैरवापर यांपासून केलेले संरक्षण होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर या शेजारी जिल्ह्यांत हा विषय सहकारी बँका, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, शेतमालाचे व्यवहार आणि शासकीय योजनांचे लाभार्थी यांच्याशी निगडित आहे. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे १४ कोटी रुपये परस्पर वळवले गेल्याचे उघड झाले. त्यामुळे सायबर गुन्हा हा केवळ महानगरांचा प्रश्न नाही, हे या भागात प्रकर्षाने समोर आले.

सायबर संरक्षणाचे साधारणतः तीन भाग मानता येतात: यंत्राची निगा, व्यक्तीची सावधगिरी आणि फसवणूक झाल्यास तत्काळ तक्रार. यांपैकी तिसऱ्या भागाची माहिती सर्वांत कमी लोकांना असते; मात्र गेलेली रक्कम परत मिळण्याची शक्यता मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी

लातूर जिल्हा १९८२ साली तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यापासून वेगळा झाला. नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे २००१ नंतर राज्याच्या तालुका पातळीपर्यंत संगणक साक्षरता पोहोचली. २०१६ साली यूपीआय ही देयक प्रणाली सुरू झाली आणि त्यानंतर भ्रमणध्वनीवरून पैसे देणे-घेणे चहाच्या टपरीपासून आडत दुकानापर्यंत रुळले.

लातूर शहर ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकवणी पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी इतर जिल्ह्यांतून आलेले विद्यार्थी येथे वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांचा खर्च घरून ऑनलाइन पाठवला जातो. लातूरची कृषी उत्पन्न बाजार समिती सोयाबीन व तुरीच्या व्यापारासाठी महत्त्वाची आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात देशविदेशांतून यात्रेकरू येतात. विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी आणि यात्रेकरू या सर्वांना अनोळखी व्यक्तींशी दूरवरून पैशाचे व्यवहार करावे लागतात, आणि फसवणुकीचे अनेक प्रकार नेमके याच गरजेवर बेतलेले असतात.

संगणक विषाणू

संगणक विषाणू ही स्वतःच्या प्रती तयार करून इतर फाइलींना चिकटणारी आणि वापरकर्त्याच्या नकळत चालणारी आज्ञावली होय. बोलीभाषेत सर्वच घातक आज्ञावल्यांना ‘व्हायरस’ म्हटले जात असले, तरी त्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत:

* विषाणू – दुसऱ्या फाइलीच्या आश्रयाने राहतो. ती फाइल उघडल्यावर पसरतो.
* वर्म – कोणतीही फाइल न उघडता जाळ्यातून आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो.
* ट्रोजन – उपयुक्त आज्ञावलीचे सोंग घेऊन आत शिरतो.
* हेरगिरी करणाऱ्या आज्ञावल्या – कळफलकावर टाइप केलेला मजकूर, पासवर्ड व संदेश चोरून बाहेर पाठवतात.
* रॅन्समवेअर – फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी खंडणी मागते.

वैयक्तिक संगणकांवर पसरलेला ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ साली लाहोर येथे तयार झाला. तो फ्लॉपीमधून पसरत असे. १९९० च्या दशकात पुण्यात कैलाश व संजय काटकर या बंधूंनी ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस विकसित केला. पुढे पेन ड्राइव्ह व ई-मेल ही प्रसाराची मुख्य माध्यमे ठरली. नेट कॅफे, झेरॉक्सची दुकाने आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे येथे एकाच संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह जोडले जात असल्याने अशा ठिकाणी संसर्गाचा धोका अधिक असतो.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने १५० हून अधिक देशांतील संगणक बाधित केले. या हल्ल्यात वापरली गेलेली विंडोज प्रणालीतील त्रुटी दूर करणारे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्येच उपलब्ध केले होते. ज्यांनी ते वेळेत बसवले, त्यांचे संगणक या त्रुटीतून होणाऱ्या संसर्गापासून सुरक्षित राहिले.

उल्लेखनीय घटना

शंकर नागरी सहकारी बँक, नांदेड (२०२१): या बँकेचे खाते आयडीबीआय बँकेच्या नांदेड शाखेत होते. लहान सहकारी बँका आपल्या ग्राहकांचे आंतरबँक व्यवहार अनेकदा अशा मोठ्या बँकेतील खात्यामार्फत पार पाडतात. या खात्यातून सुमारे १४ कोटी रुपये अनेक वेगवेगळ्या खात्यांत वळवण्यात आले. अशा साखळीतील एक दुवा कमकुवत असला, तरी संपूर्ण साखळी धोक्यात येते, हे या घटनेतून दिसून आले.

कॉसमॉस बँक, पुणे (२०१८): ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरवून बनावट मंजुरी देणारी समांतर यंत्रणा उभारण्यात आली होती. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली. त्यानंतर सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठवण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (२०२१): मार्च २०२१ मध्ये महामंडळाच्या संगणक प्रणालीवर रॅन्समवेअरचा हल्ला होऊन राज्यभरातील कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज विस्कळीत झाले. नांदेड व लातूर येथेही महामंडळाच्या औद्योगिक वसाहती आहेत.

फसवणुकीचे प्रचलित प्रकार

बँका व मोठ्या संस्थांवरील हल्ल्यांत यंत्रणा फोडली जाते. सामान्य नागरिकांच्या फसवणुकीत मात्र बहुधा यंत्र फोडावे लागत नाही. भीती, घाई, लोभ किंवा विश्वास यांचा वापर करून व्यक्तीलाच स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावले जाते.

* एपीके फाइल: लग्नपत्रिका, वाहतूक दंडाचे चलन, वीजबिल किंवा पीएम किसान योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते. ती बसवताच भ्रमणध्वनीतील संदेश व ओटीपी गुन्हेगारापर्यंत पोहोचू लागतात.
* पैसे ‘मिळवण्यासाठी’ पिन: खरेदीदार असल्याचे भासवून क्यूआर कोड पाठवला जातो आणि यूपीआय पिन टाकण्यास सांगितले जाते. वस्तुतः पिन केवळ पैसे देताना लागतो. पैसे स्वीकारताना तो कधीही लागत नाही.
* डिजिटल अरेस्ट: पोलीस, सीबीआय किंवा न्यायालयाचे नाव सांगून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धमकावले जाते व रक्कम भरण्यास भाग पाडले जाते. भारतीय कायद्यात अशा प्रकारची अटक अस्तित्वातच नाही.
* प्रवेश व परीक्षेचे आमिष: वैद्यकीय जागा, फुटलेली प्रश्नपत्रिका किंवा गुणवाढ यांचे आश्वासन देऊन विद्यार्थी व पालकांकडून पैसे घेतले जातात.
* बनावट संकेतस्थळ: निवास आरक्षण, कर्ज, शिष्यवृत्ती किंवा ग्राहक सेवेच्या नावाने हुबेहूब दिसणारी पाने तयार केली जातात.
* आधार आधारित व्यवहार: बोटांच्या ठशांची नक्कल करून बँक खात्यातून रक्कम काढली जाते.
* भाड्याचे खाते: थोड्या कमिशनच्या बदल्यात विद्यार्थी किंवा बेरोजगार तरुणाचे बँक खाते, एटीएम कार्ड व सिम कार्ड वापरायला घेतले जाते. चोरीचा पैसा अशा खात्यांतून फिरवला जातो आणि तपास सर्वप्रथम खातेदारापर्यंत पोहोचतो. खाते देणारा स्वतःही आरोपी ठरू शकतो.

संरक्षणाचे उपाय

यंत्राची निगा

संगणक व भ्रमणध्वनीची कार्यप्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय मानला जातो. अधिकृत अँटिव्हायरस वापरावा. फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतींमध्ये अनेकदा घातक आज्ञावली दडवलेली असते. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये. ॲप केवळ अधिकृत ॲप दुकानातूनच घ्यावे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकाशी कायम जोडलेली नसलेल्या डिस्कवर ठेवावी. रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यास हीच प्रत कामी येते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत घातक आज्ञावल्या काढून टाकणारी साधने मोफत दिली जातात.

व्यक्तीची सावधगिरी

ई-मेल व बँकेसाठी वेगवेगळे, लांब पासवर्ड ठेवावेत आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. सार्वजनिक केंद्रात अर्ज भरल्यावर खात्यातून लॉग आउट करावे आणि तेथे साठलेल्या आधार कार्डाच्या व गुणपत्रिकेच्या प्रती पुसून घ्याव्यात. आधारमधील बोटांचे ठसे गरज नसताना कुलूपबंद ठेवण्याची सोय एमआधार ॲपवर आहे. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधण्याऐवजी पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. घरातील ज्येष्ठ व्यक्तींना धमकीचा कॉल आल्यास तो बंद करून प्रथम घरच्यांना सांगण्याची सवय लावणे उपयुक्त ठरते.

संस्थांची जबाबदारी

सहकारी बँका, पतसंस्था, शाळा व शिकवणी वर्गांकडे हजारो लोकांची माहिती असते. मोठ्या रकमेच्या व्यवहारास दोन व्यक्तींची स्वतंत्र मंजुरी, कर्मचाऱ्यांना आवश्यक तेवढाच प्रवेशाधिकार, सुटीच्या दिवशीही व्यवहारांवर देखरेख आणि प्रणालीचे नियमित लेखापरीक्षण हे संस्थांसाठीचे प्राथमिक उपाय आहेत.

तक्रार व रक्कम परत मिळणे

आर्थिक फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. २०१९ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रार नोंदल्यावर रक्कम ज्या बँकेत गेली त्या बँकेला सूचना जाते व रक्कम रोखून धरली जाते. चोरीचा पैसा काही मिनिटांतच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि शेवटी एटीएममधून बाहेर पडू लागतो. त्यामुळे पहिले काही तास निर्णायक असतात. रोखलेली रक्कम साधारणतः न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते.

तक्रार करताना व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा भ्रमणध्वनी क्रमांक व संदेशांची छायाचित्रे जवळ ठेवावीत. संशयित संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावा असतात. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणा व कर्नाटकाला आणि लातूरची कर्नाटकाला लागून आहे, तर गुन्हेगार देशाच्या कोणत्याही भागात असू शकतो. तथापि हद्दीच्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य गुन्हा’ नोंदवता येतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाबाबत नियम केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये तसेच नियम सहकारी बँकांनाही लागू केले. त्यांनुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व राहत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास दायित्व मर्यादित असते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीस मात्र बँक जबाबदार असते. म्हणजेच चूक स्वतःची असली, तरी लगेच कळवणेच ग्राहकाच्या हिताचे ठरते.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा या विषयावरील मुख्य कायदा असून तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात अनेक नवीन गुन्ह्यांची भर पडली.

* कलम ४३ व ६६ – परवानगीविना संगणकात शिरणे, विषाणू सोडणे, माहिती नष्ट करणे. तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
* कलम ६६ क – दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे. तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड.
* कलम ६६ ड – संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक. तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड.
* कलम ६६ इ – व्यक्तीच्या खासगीपणाचा भंग करणारी छायाचित्रे घेणे किंवा प्रसारित करणे. तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ देखील लावले जाते.

अडचणी

तक्रार करण्यात होणारा विलंब ही सायबर गुन्ह्यांच्या तपासातील मोठी अडचण आहे. फसवणूक झालेली व्यक्ती अनेकदा लाजेपोटी घरच्यांनाही सांगत नाही: शिकवणीचे पैसे गमावलेला विद्यार्थी वडिलांना घाबरतो, तर निवृत्तिवेतन गमावलेले ज्येष्ठ मुलांना. गुन्हेगारांनाही नेमका हाच वेळ हवा असतो. घरात अशा व्यक्तीला दोष देण्याआधी १९३० वर तक्रार नोंदवली गेली, तर रक्कम वाचण्याची शक्यता वाढते.