‘तुमच्यात सगळं चालतं ना?’ : बायबल, लैंगिक नीती आणि काही गैरसमज

हिंजवडीच्या आयटी पार्कात वसई, जालना, गोवा, केरळ, मिझोराम असं कुठूनकुठून आलेली मुलंमुली एका टीममध्ये काम करतात आणि एका फ्लॅटचं भाडं वाटून भरतात. डबे एकमेकांचे खातात, पण एकमेकांच्या धर्माची माहिती बहुतेक सिनेमातूनच आलेली असते. त्यामुळे ख्रिस्ती सहकाऱ्याला दोन टोकांचे प्रश्न विचारले जातात. एक, ‘तुमच्यात सगळं चालतं ना?’ आणि दुसरा, ‘तुमच्यात शरीरसंबंध म्हणजे पापच ना?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

गैरसमज : ख्रिस्ती लोकांत मोकळीक असते.

वस्तुस्थिती : हिंदी सिनेमाने खलनायकाच्या शेजारी मोना, लिली बसवल्या. १९७५च्या ‘जूली’तही लग्नाआधी दिवस गेलेली नायिका ख्रिस्ती घरातलीच दाखवली. धर्मग्रंथ मात्र कडक आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू व्यभिचाराची हद्द कृतीपासून थेट नजरेपर्यंत आणतो. कॅथलिक चर्च आणि बहुतेक प्रोटेस्टंट पंथ लग्नाबाहेरचा शरीरसंबंध पाप मानतात. स्कर्ट, नाच हे पोर्तुगीज-इंग्रजी सहवासातून आलं, बायबलमधून नव्हे. जालना-अहिल्यानगरकडच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत तर लग्नाला हळदही लागते.

गैरसमज : आदाम-हव्वेचं पाप म्हणजे शरीरसंबंध.

वस्तुस्थिती : बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्याच अध्यायात स्त्री-पुरुषांना फळण्याचा, वाढण्याचा आशीर्वाद मिळतो. फळ खाण्याचा प्रसंग येतो तो तिसऱ्या अध्यायात, आणि तिथला गुन्हा आज्ञाभंगाचा आहे. ‘गीतरत्न’ हे बायबलमधलं आठ अध्यायांचं पुस्तक तर प्रेमिकांच्या देहाचं खुलं कौतुक करतं.

ब्रह्मचर्याची सक्तीही सर्वांना नाही. येशूचा शिष्य पेत्र विवाहित होता, त्याच्या सासूचा ताप येशूने उतरवल्याची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात आहे. प्रोटेस्टंट पाळक संसारी असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा संसार ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. कॅथलिक फादरांचं अविवाहित राहणं हा चर्चने घातलेला नियम आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत पक्का झाला. पूर्वेकडच्या काही कॅथलिक परंपरांत आजही विवाहित पुरुष धर्मगुरू होतात.

गैरसमज : नियम सगळे बाईसाठीच.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे, आणि तो ख्रिस्ती घरांतही आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय बघा. व्यभिचारात पकडलेल्या बाईला लोक येशूपुढे आणतात. ज्या नियमशास्त्राचा ते हवाला देतात, त्यातल्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात शिक्षा दोघांना सांगितली आहे. मग पुरुष कुठे गेला? त्याला कुणी आणलंच नाही. येशू त्या बाईला दोषी ठरवत नाही आणि पुन्हा पाप करू नकोस असंही सांगतो. लोक यातला एकच भाग सोयीने उचलतात. (हा उतारा सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही, तरी चर्चच्या वाचनात तो शतकानुशतकं आहे.)

दावीद राजा उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतो आणि पुढे उरीयाला लढाईत मारवतो. नाथान संदेष्टा जाब विचारतो तो राजाला, बथशेबेला नव्हे. वाईट नजरेबद्दल बोलताना येशू बघणाऱ्याला सुनावतो, बाईच्या कपड्यांबद्दल तिथे अवाक्षर नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की, पत्नीच्या शरीरावर पतीचा जसा हक्क, तसा पतीच्या शरीरावर पत्नीचाही. पहिल्या शतकात हे लिहिणं धाडसाचं होतं.

बायबलमध्ये सगळं समानच आहे, असंही नाही. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात कौमार्याची परीक्षा फक्त वधूची आहे, आणि याकोब, दावीद, शलमोन यांना अनेक बायका होत्या. भारतातला ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदाही बराच काळ एकतर्फी होता. १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे असे. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखं आणखी काही दाखवावं लागे. २००१च्या दुरुस्तीने कारणं दोघांसाठी बहुतांशी सारखी झाली आणि परस्परसंमतीने घटस्फोटही शक्य झाला.

गैरसमज : मरिया मग्दालिया वेश्या होती.

वस्तुस्थिती : चारही शुभवर्तमानांत असं कुठेही लिहिलेलं नाही. लूक सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली आणि ती येशूच्या कार्याला पदरचा पैसा देणाऱ्या स्त्रियांत होती. ५९१च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि एका अनामिक पापी स्त्रीची सरमिसळ केली आणि तो डाग चिकटला. कॅथलिक चर्चने १९६९मध्ये आपल्या दिनदर्शिकेत ती सरमिसळ दूर केली. २०१६मध्ये तिच्या २२ जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला.

गैरसमज : संततिनियमनाला सर्व ख्रिस्ती पंथांचा विरोध आहे.

वस्तुस्थिती : रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या प्रचारापायी १९२५मध्ये त्यांना मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. पुढच्या पाचच वर्षांत, १९३०च्या लॅम्बेथ परिषदेत, अँग्लिकन बिशपांनी दांपत्यांना मर्यादित मुभा दिली. आज बहुतेक प्रोटेस्टंट पंथांची हरकत नाही. कॅथलिक चर्चने १९६८च्या ‘हुमाने विते’ या पत्रकात कृत्रिम साधनांना नकार कायम ठेवला, मात्र स्त्रीच्या ऋतुचक्रावर आधारलेलं नियोजन मान्य केलं.

गैरसमज : सदोम नगर समलिंगी संबंधांमुळेच जळालं.

वस्तुस्थिती : ‘उत्पत्ती’त तिथला जमाव दारी आलेल्या पाहुण्यांवर सामूहिक बलात्कार करू पाहतो. ‘यहेज्केल’ या पुस्तकात सदोमचा दोष सांगितला आहे तो गर्वाचा, सुखासीनतेचा आणि गरिबांना हात न देण्याचा. समलिंगी संबंधांना मनाई करणारी वचनं ‘लेवीय’ आणि पौलाच्या पत्रांत आहेत, हे खरं. त्यांचा अर्थ आज कसा लावायचा, यावर पंथापंथांत मतभेद आहेत. कॅथलिक धर्मशिक्षा अशा संबंधांना मान्यता देत नाही, पण त्या व्यक्तींशी आदराने वागावं आणि अन्यायी भेदभाव करू नये, असंही बजावते.

गैरसमज : चर्चने लग्न रद्द ठरवलं की पुन्हा लग्नाला मोकळे.

वस्तुस्थिती : चर्चचं न्यायमंडळ एखादा विवाह मुळातच वैध नव्हता असं ठरवतं, ते चर्चपुरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये स्पष्ट केलं की त्याने कायद्यातला विवाह संपत नाही. न्यायालयाचा हुकूम हातात नसताना दुसरं लग्न केलं तर तो द्विविवाहाचा गुन्हा ठरू शकतो. म्हणून लग्नाची बोलणी करताना चर्चच्या निकालाबरोबर न्यायालयाचा हुकूमही बघावा, आणि तो मुलाकडूनही मागावा, मुलीकडूनही.