छातीतील छाया आणि तिची पारख

आमच्या परिचयातील एका आडत व्यापाऱ्यांस खोकला जडला. क्ष-किरण चित्रात उजव्या फुफ्फुसावर छाया दिसली आणि थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांत छाया वाढली. अखेर तो कर्करोग निघाला. घरची मंडळी म्हणाली, "आमच्या घरी विडीस कोणी हात लावीत नाही, मग ही शंका यावी कशी?"

निपाणीकडील बिडी-तंबाखूच्या व्यापारात आपले पुष्कळ बांधव आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी विडी कधी ओढलेली नाही. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण खरे. तथापि दुसऱ्याने सोडलेला धूर, चुलीचा धूर व दूषित हवा यांमुळेही तो होतो, आणि कधी कारण सापडतही नाही.

खोकला, थुंकीतून रक्त, वजन उतरणे ही लक्षणे क्षयातही असतात व कर्करोगातही. क्ष-किरण चित्र छाया दाखविते, तिचे नाव सांगत नाही. म्हणून प्रथम थुंकीची तपासणी व्हावी. तीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, किंवा औषधाने उतार दिसला नाही, तर सीटी स्कॅनला विलंब लावू नये. गाठ केवढी, कोठे, हे स्कॅनमध्ये कळते. परंतु पोत्यातील नमुना हातावर घेतल्याखेरीज आपण मालाचा भाव बोलत नाही. येथेही तुकडा काढून तपासल्याखेरीज निदान पक्के होत नाही. गाठ श्वासनलिकेजवळ असल्यास दुर्बिणीची लवचिक नळी आत घालून तुकडा घेतात; कडेला असल्यास स्कॅनच्या आधारे छातीतून सुई घालतात. फुफ्फुसाभोवती पाणी साचले असल्यास तेही तपासतात.

सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत आम्ही पेढीवर बसूनही ऐकली आहे. तसे होणे अतिशय विरळा. खरा धोका थोड्या रक्तस्रावाचा, अथवा फुफ्फुसातून हवा गळण्याचा; म्हणून नंतर काही तास रुग्णास देखरेखीखाली ठेवतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. नळीच्या तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांस त्यात नवे काही नाही.

तुकड्यावरून रोगाचा प्रकार ठरतो. काही प्रकारांत ईजीएफआर, एएलके अशा जनुकीय बदलांचीही तपासणी करतात. धूम्रपान न करणाऱ्यांत हे बदल अधिक आढळतात आणि त्यांवर गोळ्या आहेत. रोग कोठवर गेला, हे पेट स्कॅनवरून व मेंदूच्या एमआरआयवरून पाहतात. तुकड्याचा मेणाचा ठोकळा व काचा मागून घ्याव्यात. मुंबईस टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावयाचे झाल्यास त्या लागतात.

आमच्या स्नेह्यांच्या तुकड्यात ईजीएफआरचा बदल सापडला. रोज एक गोळी घेऊन पुढे दोन दिवाळ्यांचे वहीपूजन त्यांनी स्वहस्ते केले.