सही करण्यापूर्वी : निवारा, आराखडा आणि आपण

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एक मावशी पासबुक घेऊन बँकेत आल्या. पुनर्वसनासाठी खोली रिकामी करून त्यांना चार वर्षे झाली होती. विकासकाकडून मिळणारे भाडे सात महिन्यांपासून जमा झाले नव्हते. "भाऊ, नीट बघा ना, आलं असेल," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आम्ही पुन्हा बघितले, पण भाडे आलेले नव्हते. करारनाम्यात काय लिहिले होते असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी सही केली, म्हणून मीबी केली."

अशी सही उद्या आपल्यापैकी कोणालाही करावी लागेल. म्हणून मुंबईच्या गृहनिर्माण धोरणाविषयी दोन गोष्टी सभासद व विद्यार्थी मित्रांपुढे मांडत आहोत.

हा प्रश्न आजचा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्यानंतर १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. परळच्या बी.आय.टी. चाळीत पूज्य बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. म्हणजे कामगारांच्या घरांची जबाबदारी शासनाची आहे, हे परकीय सरकारनेही काही अंशी मान्य केले होते.

स्वातंत्र्यानंतर भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु गोठलेल्या भाड्यामुळे नवीन भाड्याच्या चाळी बांधणे मालकांना परवडेना. गावाकडून येणारा माणूस मग राहणार कोठे? तो फूटपाथवर, नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला राहिला.

१९८१ साली फूटपाथवरील रहिवाशांना हटविण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हा निकाल आपण अभिमानाने सांगतो, पण त्याची दुसरी बाजू विसरतो. रीतसर कारवाई करून फूटपाथ मोकळे करण्यास न्यायालयाने मनाई केली नाही. पर्यायी जागेचे संरक्षण मिळाले ते मुख्यतः १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. तेव्हापासून गरिबाचे घर कागदावर अवलंबून राहिले आहे.

आता चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे काय ते पाहू. एक हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक १.३३ आहे, तर त्यावर १३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. निर्देशांक वाढला की तीच जमीन अधिक मोलाची होते. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले ते याच हिशेबावर. विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर द्यावे आणि मोबदल्यात मिळालेले जादा बांधकाम बाजारात विकावे. सुरुवातीला हे घर २२५ चौरस फुटांचे होते, नंतर २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांचे झाले. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकास घर मोफत मिळते. त्यानंतरच्या, पण २०११ पूर्वीच्या रहिवाशास ते सशुल्क मिळते.

या योजनेवर दोन मते आहेत. एक मत असे की, मोफत घरांमुळे अतिक्रमणाला उत्तेजन मिळते व कर भरणाऱ्यावर अन्याय होतो. दुसरे मत असे की, शहर ज्यांच्या श्रमावर चालते त्यांना शहरात जागा मिळालीच पाहिजे. आम्हाला दुसरे मत पटते. तरीही पहिल्याला उत्तर द्यायचे तर एवढेच म्हणू की, माणूस झोपडीत हौसेने जात नाही, हिशेबाने जातो.

तो हिशेब आम्ही रोज करतो. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, तर महिन्याचा हप्ता सुमारे अठरा हजार रुपये पडतो. ज्याचा पगार पंचवीस हजार आहे, त्याचा निम्मा पगार हप्त्यात गेला असे धरले तरी त्याला चौदा लाखांच्या आतच कर्ज मिळेल. एवढ्या रकमेत मुंबईत घर कोठे आहे? झोपडी तारण ठेवावी, तर तिला मालकीचा कागद नाही.

परंतु योजनेचा दोषही सांगितला पाहिजे. जिथे जमिनीला भाव आहे तिथे विकासक धावतो. जिथे भाव नाही तिथे वस्ती तशीच राहते. मध्येच बाजार बसला की काम थांबते आणि मावशींसारखी माणसे ना झोपडीत, ना घरात अशी अडकतात.

आरक्षण हा शब्द आपल्याला परिचित आहे. भूखंडांनाही आरक्षण असते. शाळा, दवाखाना, उद्यान, गृहनिर्माण यासाठी विकास आराखड्यात जागा राखून ठेवतात, आणि ही आरक्षणे नियमातील एका दुरुस्तीनेही आटतात. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीची तीन हिश्श्यांत वाटणी व्हायची होती. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वाटा खूपच घटला.

आणि ज्यांना झोपडीही नाही त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून, शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा असावा असे ठरले. मुंबईची लोकसंख्या त्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख होती. या मापाने १२४ निवारे हवेत. आपल्या वॉर्डात किती आहेत, हे विद्यार्थी मित्रांनी वॉर्ड कार्यालयात विचारावे.

७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन व झोपडपट्टी सुधारणा हे विषय महापालिकांच्या यादीत घातले. प्रत्यक्षात पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा राज्य शासनाकडे आहेत. त्यामुळे केवळ नगरसेवकाच्या दारात उभे राहून भागत नाही.

तरीही आपण हतबल नाही. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि शासनाला तो नव्याने करावयास लावावा लागला. आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्या संस्थेने नकाशा आणून सर्वांसमोर वाचावा आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी. पुनर्वसनाचा कागद आला तर सर्वसाधारण सभा घ्यावी. पात्रता यादीत, म्हणजे परिशिष्ट दोनमध्ये, आपले नाव पाहावे. भाडे किती, किती महिन्यांचे आगाऊ जमा आहे आणि ते थांबले तर जबाबदार कोण, हे विचारावे. उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नये.

शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातील एक रविवार विहारात बसून वस्तीचे कागद वाचून दाखवावेत, एवढीच आमची विनंती आहे. मावशींना तेव्हा कागद वाचून दाखवणारे कोणी नव्हते.