चाहते आणि रसिक

पाश्चात्त्य गायकांच्या नादी लागलेली मुले पाहिली की आम्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु या वेडाचा इतिहास पाहता केवळ उपहास करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या चौघांना ऐकण्यास सुमारे ५५ हजार चाहते जमले. ऐकण्यास, असे म्हणावयाचे एवढेच! किंकाळ्यांच्या कल्लोळात श्रोत्यांना गाणे धड ऐकू येईना आणि गाणाऱ्यांना स्वतःचा सूर. अखेर २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरेच बंद केले. चाहत्यांच्या प्रेमातच गाणे बुडाले.

त्याच वर्षी त्यांच्यातील जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकू लागले. पुढे १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशी निर्वासितांच्या साहाय्यार्थ या गुरुशिष्यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन कार्यक्रम घडवून आणले. वाद्ये नुसती जुळविताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! जुळवणीच इतकी आवडली, तर वादन अधिक आवडेल, अशी मिस्कील आशा पंडितजींनी व्यक्त केली. अजाण खरे, पण हेच श्रोते सतारीपुढे बसले आणि त्यांच्या तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले.

चाहता तेथेच थांबला तर गोंगाट उरतो. ऐकू लागला तर रसिक होतो. म्हणून मुलांना दटावण्यापूर्वी त्यांचे एक गाणे त्यांच्याशेजारी बसून शेवटपर्यंत ऐकावे, मग आपले एक ऐकवावे.