लोगोत गिटार नाही

अक्षरं आणि चिन्हं : लेखांक ७

हार्ड रॉक कॅफेचा मूळ लोगो डोळ्यांसमोर आणा. सोनेरी-नारिंगी गोल, त्यावर गोलाच्या दोन्ही कडा ओलांडून ऐसपैस पसरलेलं नाव आणि खाली शहराचं नाव. त्यात गिटार नाही. ड्रम नाही, माइक नाही, केस मोकळे सोडून गाणारा गायक नाही. रॉक संगीतावर उभ्या असलेल्या, जगात सर्वांत ओळखीच्या अशा या थीम रेस्टॉरंटच्या लोगोत संगीताची एकही खूण नाही. आजचा विषय थीम रेस्टॉरंटच्या लोगोचा आहे, आणि या गोष्टीचा उलगडा झाला की त्यातलं बरंचसं आपोआप कळतं.

मागच्या आठवड्यात आपण मिठाईच्या दुकानांच्या पाट्या पाहिल्या. आत काय मिळतं ते पाटीवरून कळणं, ही तिथली पहिली गरज. थीम रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक जितकं पोट भरायला येतं तितकंच एका वेगळ्या जगात शिरायला येतं. ते जग रेल्वेच्या डब्याचं असेल, जुन्या वाड्याचं असेल, जंगलाचं किंवा क्रिकेटच्या मैदानाचं असेल. त्यासाठी मालकानं जुन्या बाजारात खेटे घालून कंदील, खिडक्या, पंखे जमवलेले असतात. त्यामुळे डिझायनरसमोर बसला की तो भरभरून बोलतो. ते सगळं ऐकून घ्यावं, वहीत उतरवून घ्यावं. फक्त ते सगळं लोगोत कोंबू नये.

पुन्हा हार्ड रॉककडे येऊ. आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन हे दोघे तरुण अमेरिकन. लंडनमध्ये अमेरिकेसारखा बर्गर मिळत नाही म्हणून त्यांनी १४ जून १९७१ रोजी हाइड पार्क कॉर्नरजवळ, ओल्ड पार्क लेनवर, पूर्वी रोल्स रॉइसची शोरूम असलेल्या जागेत कॅफे उघडला. लोगो ॲलन ऑल्ड्रिज यांचा. साठच्या दशकातल्या लंडनमधलं हे बडं नाव. पेंग्विनच्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांची सूत्रं त्यांनी सांभाळली होती, बीटल्सच्या गाण्यांचं सचित्र पुस्तक त्यांनी सजवलं होतं. रंगांची उधळण आणि स्वप्नात पाहिल्यासारखी चित्रं ही त्यांची ख्याती. अशा माणसाला रॉकचं नाव असलेल्या जागेचा लोगो करायला मिळाला, आणि त्यांनी काय केलं, तर एक गोल काढला आणि त्यावर नाव लिहिलं. मला हा संयम त्यांच्या कुठल्याही रंगीबेरंगी चित्राइतकाच मोठा वाटतो.

आता पुढची तारीख पाहा. भिंतीवर पहिली गिटार लागली ती १९७९ मध्ये. एरिक क्लॅप्टन इथे नेहमी यायचा. आपली ठरलेली जागा राखून ठेवावी म्हणून त्याची गिटार तिथे लावली गेली. ते कळल्यावर पीट टाउनशेंडनं आपलीही गिटार धाडून दिली, सोबत चिठ्ठी, की माझीही काही कमी नाही, हीसुद्धा लावा. तिथून वाद्यं, पोशाख, हस्ताक्षरातली गाणी येत गेली आणि आज आपल्याला माहीत असलेली थीम आकाराला आली. लोगो तेव्हा आठ वर्षांचा होता. थीम वाढली, बदलली, देशोदेशी गेली, पण लोगोला तिच्यामागे धावावं लागलं नाही. टिग्रेट पुढे सत्यसाईबाबांचे भक्त झाले. सर्वांवर प्रेम करा, सर्वांची सेवा करा, हे बाबांचं वचन कॅफेच्या भिंतीवर गेलं. लोगोत तेही गेलं नाही.

थीम रेस्टॉरंटकडे थीम सांगायला भिंती असतात, छत असतं, वाढप्यांचे कपडे असतात, मेन्यूकार्ड, भांडी, गाणी, दिवे असतात. गिऱ्हाईक तासभर त्या सगळ्याच्या मधोमध बसलेलं असतं. लोगो मात्र बहुतेक वेळा या सगळ्यापासून दूर, एकटाच दिसतो: रस्त्यापलीकडून, मोबाइलच्या पडद्यावर, पार्सलच्या पिशवीवर. तिथे त्याला एकच काम करायचं असतं, ते म्हणजे नाव लक्षात ठेवायला लावणं. भिंतींचं काम लोगोवर टाकलं की तो दोन्हींकडून जातो. थीम धड सांगत नाही आणि नावही वाचू देत नाही.

ऑल्ड्रिज यांच्या गोलानं आणखी एक काम केलं. १९७४ मध्ये कॅफेनं तिथल्याच एका फुटबॉल संघासाठी लोगो छापलेले टी-शर्ट करून घेतले. उरलेले नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिले, आणि मग लोक ते मागायलाच लागले. छातीच्या बरोबर मध्ये बसणारा गोल, मोजके रंग, लांबून वाचता येणारं नाव. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणून रंग कमी तितका खर्च कमी आणि छपाई नेटकी. पण खरी करामत आहे ती खालच्या ओळीत. गोल तोच, नाव तेच, फक्त शहर बदलतं. २००६ मध्ये वरळीला बॉम्बे डाइंग मिलच्या आवारात कॅफे सुरू झाला तेव्हा त्या ओळीत मुंबई आली. मी तिथे जाऊन आलो, हे सांगणारा शर्ट लोक पैसे मोजून घेतात आणि जन्मभर जपतात. आपल्या गावात दुसरी शाखा निघेल असं ज्या मालकाला वाटतं, त्याच्या लोगोत अशी एक बदलती ओळ पहिल्या दिवसापासून आखलेली असावी.

म्हणून लोगोत चित्र नकोच, असं नाही. रेनफॉरेस्ट कॅफे ही साखळी १९९४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकात सुरू झाली. आत कृत्रिम धबधबे, गडगडाट, हलणारे प्राणी. तिच्या लोगोत लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक आहे. तो चालतो, कारण तो एकटा आहे. जंगल दाखवायला झाडं, वेली, वाघ, पोपट सगळे आणले असते तर मुलांना काहीच आठवलं नसतं. बेडूक आठवतो, आणि मुलं त्याचं खेळणं मागतात. टीजीआय फ्रायडेजनं तिसरी वाट धरली. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या रेस्टॉरंटची ओळख म्हणजे लाल-पांढरे पट्टे. चित्राचीही गरज पडली नाही, पट्टे दिसले की नाव आठवतं.

आता आपल्या अक्षरांकडे वळू, कारण खरा आनंद इथे आहे. समजा, कोणी टुरिंग टॉकीजच्या थीमवर साधंसं, मिसळ-भजी-चहा देणारं रेस्टॉरंट काढतंय. जत्रेत ट्रकवर प्रोजेक्टर, समोर कनात, मातीत बसलेले प्रेक्षक, असा माहोल. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा सुंदर माहितीपट २०१६ मध्ये आला, तो या मालकानं नक्की पाहिलेला असणार. नाव ठेवलंय ‘तंबू’. मालकाची यादी तयार आहे: तंबू, रीळ, प्रोजेक्टरचा झोत, भोंगा, तिकीट आणि जमल्यास एक नायिका.

यादी बाजूला ठेवा आणि नुसतं नाव मोठ्या कागदावर लिहा. त आणि ब. दोन्ही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे. म्हणजे दोन खांब आयते मिळाले. त्यांच्या डोक्यावरून शिरोरेघ जाते. ती ताठ न ठेवता दोन खांबांच्या मध्ये किंचित झोळ दिला की कापड ताणून बांधल्यासारखं दिसतं. तंबू न काढता तंबू झाला. त-वरचा अनुस्वार बरोबर पहिल्या खांबाच्या माथ्यावर बसतो. त्याचा दिवा करायचा मोह होईल, पिवळा रंग द्यावासा वाटेल, झोत काढावासा वाटेल. बू-च्या दीर्घ उकाराची शेपटी जमिनीकडे वळते, तिची दोरी आणि खुंटी करावीशी वाटेल. इथे हात आवरायचा. एका नावात एकच क्लृप्ती. मी झोळ ठेवीन, अनुस्वार साधा गोल ठेवीन आणि उकार नीट वाचता येईल असा काढीन. झोळही असा हवा की तो मुद्दाम दिलाय हे कळावं. अगदी थोडा दिला तर पेंटरचा हात हलला असं वाटेल.

मराठीत हे नवीन नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशीच घडवली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या चिंचोळ्या जागेत, एका शाईत, नुसत्या अक्षरांच्या वळणातून नाटकाचा स्वभाव कळायचा. थीम रेस्टॉरंटचा लोगो करणाऱ्यानं महिनाभर दुसरं काही न बघता त्यांची अक्षरं बघावीत, असं मी मनापासून सांगेन.

याच्या उलट टोकाला एक खोड आहे, तिचा मला राग येतो. इंग्रजी नावाच्या डोक्यावर शिरोरेघ मारून ते ‘देशी’ केलेले फाँट. त्यात रोमन अक्षरं धड वाचता येत नाहीत आणि देवनागरीचा त्यात मागमूसही नसतो. वाडा, गाव, चुलीवरचं जेवण अशा थीमच्या जागांवर ते सर्रास दिसतात. ज्या मातीचं नाव सांगून जेवण विकायचं, तिची लिपी तरी खरी असावी.

आणि आता कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाची, हॉटेलाची पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणं बंधनकारक आहे. दुसरी भाषा चालते, पण मराठी नाव आधी आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे: जिथे मद्य मिळतं त्या जागेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. गडाची थीम घेऊन बार परवान्याचा अर्ज करणाऱ्यानं नाव कागदावर लिहिण्याआधीच हे पाहावं.

प्रत्यक्षात होतं असं की लोगो इंग्रजीत होतो, आणि पाटी टाकायच्या दिवशी पाटीवाला संगणकातला कुठलातरी फाँट उचलून मराठी नाव वर बसवतो. एकाच दारावर दोन दुकानं असल्यासारखं दिसतं. कामाला सुरुवातच देवनागरीपासून करा आणि रोमन अक्षरं तिच्या जाडीला, वळणाला जुळवून घ्या. सगळ्यांनाच अक्षरं हातानं काढून घेणं परवडत नाही. अशांसाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मोदक, बालू, मुक्ता यांसारखे उत्तम फाँट व्यावसायिक कामासाठीही मोफत आहेत. मोदकची गुबगुबीत अक्षरं मोठ्या नावाला शोभतात, मात्र लहान आकारात ती गच्च होतात.

लहान आकाराची कसोटी घ्यायला सर्वांत चांगली जागा म्हणजे बिलाचं यंत्र. थर्मल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये साधारण आठच ठिपके उमटवतो, तेही फक्त काळे. अडीच सेंटिमीटर रुंदीचा लोगो म्हणजे आडवे अवघे दोनशे ठिपके. त्यात ‘तंबू’ छापून पाहा. ब-च्या पोटातली तिरकी रेघ आधी बुजते. मग पोट काळं भरतं किंवा रेघच नाहीशी होते आणि ब चा व होतो. बिलावर ‘तंवू’. उकाराची शेपटी तुटली तर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ वेगळाच. उपाय अवघड नाही: ब-चं पोट थोडं मोठं करायचं, आतली रेघ बाहेरच्यापेक्षा बारीक पण तुटणार नाही इतकी ठेवायची, आणि लहान आकारासाठी लोगोची वेगळी, जरा मोकळी आवृत्ती करून द्यायची. झोळही तिथे सरळ झाला तरी चालेल.

दुसऱ्या टोकाला पाटी. पाटीवाल्यांचा ठोकताळा असा, की दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. रस्ता पन्नास फुटी असेल तर पाच इंच. हा हिशेब रोमन अक्षरांचा आहे. देवनागरीत वेलांटी, मात्रा, उकार वरखाली जागा खातात, त्यामुळे अक्षराचा मूळ देह पाच इंच धरून पाटीची उंची त्याहून बरीच वाढवावी लागते. वाढवली नाही की पाटीवाला उकार चेपून आत घेतो.

काम संपलं की दोन कागद हवेतच. एक, डिझायनरकडून लोगोचे हक्क लेखी लिहून घेतल्याचा. पैसे दिले म्हणजे हक्क आपसूक आले असं नसतं. दुसरा, ट्रेडमार्कचा अर्ज. रेस्टॉरंटच्या सेवेसाठी वर्ग ४३. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. टी-शर्ट विकायचा विचार असेल तर कपड्यांचा वर्ग २५ वेगळा, आणि तो अर्ज शर्ट छापण्याआधी करावा.

पुढच्या आठवड्यात मेन्यूकार्ड.